हुगळीकाठची मराठी

बंगाल आणि महाराष्ट्र यांच्या संबंधांविषयी लिहावयास बसले की लेखणी ठरावीक वाटेने चालू लागते. प्रथम बर्गींच्या स्वाऱ्या येतात, मग कलकत्त्याचा मराठा खंदक, त्यानंतर सखाराम गणेश देउस्कर व त्यांचा 'देशेर कथा' हा ग्रंथ, आणि शेवटी १९०६ सालचा शिवाजी उत्सव व त्यासाठी या नगरीत आलेले लोकमान्य टिळक. हे सारे खरे आहे, अभिमानास्पद आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांस मुखोद्गत आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा प्रथम आमच्याही मनात हीच यादी आली. परंतु या यादीत एक प्रकरण सहसा येत नाही. ते ख्रिस्ती मिशनऱ्यांचे आहे, आणि ते आपले कसे, असा संकोच त्यामागे असावा. तो संकोच थोडा बाजूस सारून आज त्याच प्रकरणाविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

गोष्ट अशी की, खिळे जुळवून छापलेली अगदी पहिली देवनागरी मराठी पुस्तके पुण्यात निघाली नाहीत, आणि मुंबईतही निघाली नाहीत. ती येथून सुमारे २५ किलोमीटरवर, हुगळीच्या पश्चिम तीरावरील श्रीरामपुरात निघाली. मराठी-इंग्रजी पहिला छापील कोशही तेथलाच. हे काम ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते विल्यम केरी हे इंग्लंडातून आलेले बॅप्टिस्ट मिशनरी होते. परंतु ज्यांच्या जिव्हेवरची मराठी त्या छापखान्यात उतरली ते गृहस्थ नागपूरकडचे एक पंडित होते, आणि आपल्यासारखेच पोटापाण्यासाठी कलकत्त्यास येऊन राहिलेले होते. वैजनाथ शर्मा हे त्यांचे नाव. आमच्या आजच्या लेखाचा खरा नायक तोच.

त्या काळी बंगाल्यात मराठी माणसाची प्रतिमा काय होती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा या प्रांतावर चालून येत होत्या. भास्करपंत कोल्हटकर १७४४ मध्ये मानकऱ्याच्या छावणीत दग्याने मारले गेले, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहात अलीवर्दीखानाने बारा लक्ष रुपये चौथाई कबूल केली, तेव्हा कोठे शांतता झाली. बंगाली आई आपल्या मुलाला निजविताना अजूनही बर्गीचे नाव घेते. कलकत्त्याच्या रहिवाशांनी भयाने जो खंदक खोदावयास घेतला, त्याच्या आखणीवरून पुढे सर्क्युलर रोड झाला. मराठा म्हणजे घोड्यावरून येणारे संकट, ही समजूत येथे दोन पिढ्या मुरलेली होती. अशा नगरात एक मराठी पंडित हाती पोथी घेऊन येतो, ही घटना लहान असली तरी लक्षणीय आहे.

त्यांच्या येण्याला कारण झाले ते फोर्ट विल्यम कॉलेज. गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी १८०० साली हे विद्यालय स्थापिले. विलायतेहून येणाऱ्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवाव्या, हा त्यांचा हेतू होता. विद्यालयाचा कारभार मात्र चर्च ऑफ इंग्लंड, म्हणजे अँग्लिकन पंथाच्या हाती ठेवलेला होता. प्रोव्होस्टच्या जागी डेव्हिड ब्राऊन आणि व्हाइस प्रोव्होस्टच्या जागी क्लॉडियस ब्यूकॅनन हे कंपनीचे दोन धर्मोपदेशक नेमले गेले. एकीकडे राजकारभाराची गरज आणि दुसरीकडे चर्चची शिस्त, अशा दुहेरी पायावर ही संस्था उभी होती.

केरींची कथा याहून निराळी. १७६१ मध्ये जन्मलेला, तरुणपणी चांभारकाम करून पोट भरणारा हा मनुष्य १७९३ च्या नोव्हेंबरात बंगाल्यात उतरला. कंपनी सरकार त्या काळी मिशनऱ्यांना आपल्या मुलखात थारा देत नसे; धर्मप्रचाराने प्रजा बिथरेल व व्यापार बुडेल, ही भीती तिला होती. केरींनी काही वर्षे मालदा भागात निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक म्हणून काढली. पुढे मार्शमन आणि वॉर्ड हे सहकारी आले, तेव्हा त्यांनी श्रीरामपूर गाठले. ते गाव डेनमार्कच्या राजाचे होते, म्हणून तेथे कंपनीचा हुकूम चालत नसे. १८०० च्या जानेवारीत केरी तेथे स्थायिक झाले आणि त्याच वर्षी छापखाना सुरू झाला. १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून निघाला.

ज्या सरकारने केरींना मिशनरी म्हणून दाराबाहेर ठेवले, त्याच सरकारला १८०१ मध्ये भाषा शिकविण्यासाठी केरींची गरज पडली. बंगाली व संस्कृत शिकविण्यास त्यांच्या तोडीचा युरोपियन मिळेना. तथापि केरी अँग्लिकन नव्हते. विद्यालयाच्या नियमांप्रमाणे प्राध्यापकपद चर्च ऑफ इंग्लंडच्या अनुयायासच देता येत असे. तेव्हा तोड अशी निघाली की, काम प्राध्यापकाचे, परंतु हुद्दा 'शिक्षका'चा. ही विषमता १८०७ पर्यंत चालली. आमची सारी हयात सरकारी नोकरीत गेली असल्यामुळे हुद्दा आणि काम यांतील असे अंतर आम्हांस अपरिचित नाही. केरींनी त्याबद्दल तक्रार करीत बसण्यापेक्षा पगाराचा बहुतेक भाग मिशनच्या सामाईक निधीत टाकला आणि छापखाना चालविला.

१८०३ मध्ये इंग्रज-मराठे यांचे दुसरे युद्ध जुंपले. त्या वर्षाच्या डिसेंबरात देवगावचा तह होऊन नागपूरकर भोसल्यांचा कटक प्रांत इंग्रजांकडे गेला. मराठी दरबारांशी पत्रव्यवहार करणारे, मराठी अर्ज वाचणारे अधिकारी आता कंपनीस हवे झाले. तेव्हा विद्यालयात मराठीची शिकवण सुरू झाली आणि तीही केरींकडेच आली. केरींना मराठी येत नव्हती. ती शिकण्यासाठी, आणि शिकत शिकत शिकविण्यासाठी, त्यांना वैजनाथ पंडितांचा आधार मिळाला. विद्यालयाच्या मराठी विभागाचे ते मुख्य पंडित होते. १८०५ मध्ये केरींचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रस्तावनेत केरींनी या पंडितांच्या साहाय्याचा उल्लेख केला आहे.

हे काम कसे चालत असेल, याचे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. केरी आठवड्यातील काही दिवस कलकत्त्यात घालवीत व नावेने श्रीरामपुरास परतत. बंगालीसाठी रामराम बसू व मृत्युंजय विद्यालंकार, मराठीसाठी वैजनाथ, अशी पंडितमंडळी त्यांच्याभोवती असत. यांतील बहुतेक आपापल्या धर्मात राहूनच ही चाकरी करीत होते. साहेबाने मूळ ग्रीक वाक्याचा अर्थ सांगावा, पंडिताने त्याला आपल्या भाषेचे रूप द्यावे, साहेबाने पुन्हा मुळाशी ताडून पाहावे. शुभवर्तमानातील कोळी, पेरणी, हरवलेले मेंढरू यांना नागपूरकडच्या बोलीतले शब्द मिळत गेले. भाषांतर म्हणजे दोन माणसांनी समोरासमोर बसून केलेला परिश्रम होता. मुखपृष्ठावर मात्र एकाचेच नाव आले.

या दोघांबरोबर तिसऱ्याचेही नाव घेतले पाहिजे. पंचानन कर्मकार हा लोहारजातीचा बंगाली कारागीर. चार्ल्स विल्किन्स यांच्या हाताखाली त्याने बंगाली अक्षरांचे पोलादी ठसे कोरण्याची विद्या हस्तगत केली होती. श्रीरामपूरच्या ओतशाळेत त्याने देवनागरीचे ठसे कोरावयास घेतले, आणि त्याच्या पश्चात जावई मनोहर याने ते काम पुढे नेले. ज्यांना आज छापील अक्षर हवेपाण्यासारखे सहज वाटते, त्यांनी थोडा विचार करावा. इंग्रजीची सव्वीस अक्षरे कोरणे निराळे, आणि काना, मात्रा, वेलांटी, रफार व जोडाक्षरे यांसह देवनागरीचा संच कोरणे निराळे. कित्येक शेकडा ठसे हाताने कोरावे लागत.

१८०५ मध्ये मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत, देवनागरी अक्षरांत निघाले. पुढे मात्र एक महत्त्वाचा निर्णय झाला. मराठी माणूस रोजच्या व्यवहारात मोडी लिहितो, कारकून, सावकार आणि दरबार मोडीतच चालतात, तेव्हा लोकांपर्यंत पोहोचावयाचे तर पुस्तकही मोडीतच असावे, असे श्रीरामपूरकरांस वाटले. त्यासाठी मोडीचे खिळे ओतण्यात आले. १८१० चा मराठी कोश मोडीचे खिळे वापरून छापला, आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करारही निघाला. मोल्सवर्थ यांचा सुप्रसिद्ध कोश यानंतर एकवीस वर्षांनी, १८३१ मध्ये, मुंबईस निघाला, हे ध्यानात घेतले म्हणजे श्रीरामपूरच्या उद्योगाचे मोल कळते.

११ मार्च १८१२ रोजी सायंकाळी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागदांच्या थप्प्या, अनेक भाषांचे खिळे, वर्षानुवर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते यांची राख झाली. केरी त्या वेळी कलकत्त्यात होते. परतल्यावर त्यांना ती राख पाहावयास मिळाली. परंतु ढिगारा उपसताना पोलादी ठसे शाबूत सापडले. शिसे वितळून गेले होते, पण ज्यांवरून पुन्हा खिळे पाडता येतात ते मूळ ठसे वाचले होते. थोड्याच महिन्यांत पुन्हा खिळे पडू लागले आणि यंत्रे चालू झाली.

मराठीच्या दृष्टीने पाहता, वैजनाथ पंडितांच्या नावाशी निगडित असलेली गद्यपुस्तके या आगीनंतरची आहेत. १८१४ मध्ये 'सिंहासनबत्तिशी', १८१५ मध्ये 'हितोपदेश', आणि त्यापाठोपाठ १८१६ च्या सुमारास 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' व 'रघूजी भोसल्यांची वंशावळी'. यांतील प्रतापादित्य हा जेसोरचा राजा. त्याचे चरित्र रामराम बसूंनी १८०१ मध्ये बंगालीत लिहिले होते, आणि बंगाली गद्याच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. ते मराठीत आले, म्हणजे बंगालीतून मराठीत गद्य आणण्याची जी प्रथा पुढे शरच्चंद्रांच्या कादंबऱ्यांनी घरोघर पोहोचविली, तिचा उगम येथपर्यंत मागे नेता येतो.

वंशावळीची गोष्ट तर याहून विलक्षण. ज्या रघूजी भोसल्यांच्या घोडेस्वारांनी बंगालचे गाव न् गाव हादरविले, त्यांच्या घराण्याचा वृत्तान्त बंगालच्याच भूमीवर, बंगाली कारागिरांच्या ओतशाळेतील खिळ्यांनी, एका नागपूरकर पंडिताच्या साहाय्याने छापला गेला. मधे साठ-पासष्ट वर्षेच लोटली होती. आपल्या शेजारच्या बंगाली गृहस्थाने विनोदाने 'बर्गी एलो' म्हटले, तर त्यास ही गोष्ट अवश्य सांगावी.

एवढे झाल्यावर वाचकांस वाटेल की, श्रीरामपूरची मराठी महाराष्ट्रात मोठ्या गौरवाने स्वीकारली गेली असेल. तसे झाले नाही. पुणे-मुंबईकडच्या वाचकांना ती भाषा परकी वाटली. नागपूरकडच्या वळणाची, संस्कृत व बंगालीच्या सहवासात वाढलेली ही मराठी कोकणात व देशावर चालेना. मुंबईतील अमेरिकन मिशनऱ्यांनी बायबलच्या भाषांतरास नव्याने हात घातला. १८१७ मध्ये त्यांचा मत्तय आणि १८२६ मध्ये नवा करार बाहेर पडला. लिपीचा निर्णयही टिकला नाही. मुंबईच्या छापखान्यांनी बाळबोध पत्करली, पाठ्यपुस्तके बाळबोधीत निघाली आणि कालांतराने मोडी शाळांतूनही गेली. श्रीरामपूरचा तो कोश आज आपल्यापुढे ठेवला, तर मोडी न शिकलेल्या आपल्या पिढीला त्यातील मराठी शब्द वाचता येणार नाहीत.

मग या उद्योगाचे फलित काय? आमच्या अल्प मतीप्रमाणे या प्रश्नाचा आपल्यासारख्या परप्रांतस्थ कुटुंबांशी निकटचा संबंध आहे. सुटीत पुण्यास वा नागपुरास गेलेली आपली मुले 'मला भूक लागली आहे' म्हणण्याऐवजी 'मला भूक पावली' असे म्हणून जातात, आणि नातलग मंडळी हसतात. मुले ओशाळतात व पुढच्या खेपेस तोंडच उघडीत नाहीत. आमच्या घरी हे घडले आहे. पुष्कळ घरी घडले असेल. अशा वेळी आम्हांस वैजनाथ पंडितांची आठवण होते. त्यांच्याही मराठीस घरच्यांनी नावे ठेविली. परंतु घरच्यांची शुद्ध मराठी खिळ्यांवर चढण्यापूर्वी हीच मिश्र, प्रवासी मराठी चढली होती.

हा योगायोग एकटाच नाही. त्याच सुमारास, १८०६ मध्ये, दक्षिणेत तंजावरास सरफोजी राजांच्या छापखान्यात 'बालबोध मुक्तावली' हे मराठी पुस्तक निघाले. त्याही आधी १६१६ मध्ये गोव्यात फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' रोमन अक्षरांत छापले गेले होते. गोवा, तंजावर, श्रीरामपूर: मराठी मुद्रणाचे आरंभ महाराष्ट्राच्या सीमांवर किंवा सीमांपलीकडे झाले. जेथे भाषा गृहीत धरता येत नाही, तेथेच तिचे व्याकरण मांडण्याची, तिचे शब्द वेचून ठेवण्याची निकड लोकांस अधिक भासत असावी.

आता पुन्हा अँग्लिकन चर्चकडे वळू. १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांवरील बंदी उठली, आणि १८१४ मध्ये मिडल्टन हे कलकत्त्याचे पहिले बिशप येथे आले. त्यांच्या धर्मप्रांतात सारा कंपनीचा मुलूख मोडत असे. १८३७ मध्ये मुंबईस स्वतंत्र बिशप मिळेपर्यंत तेथील अँग्लिकन चर्चचा कारभार कलकत्त्याकडेच होता. दुसरे बिशप हेबर हे १८२५ मध्ये त्या तपासणीसाठी मुंबईस जाऊन आले. मिडल्टन यांनी १८२० मध्ये शिबपूर येथे बिशप्स कॉलेजचा पाया घातला. मायकेल मधुसूदन दत्त तेथेच काही वर्षे शिकले. १८८० मध्ये ते विद्यालय शहरात आले आणि आज आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्यावर, म्हणजे जुन्या सर्क्युलर रोडवर आहे. ज्या रस्त्याला मराठ्यांच्या भयाने जन्म दिला, त्याच्या काठी ते आज उभे आहे.

या चर्चच्या इतिहासात एका मराठी पुरुषाचे नाव ठळक आहे. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ चा. कुटुंब कोकणस्थ, परंतु उत्तर हिंदुस्थानात गेलेले; शास्त्रीबोवा वाढले काशीत. मिशनऱ्यांशी त्यांची पहिली भेट प्रतिपक्षी म्हणून झाली. जॉन म्यूर यांनी संस्कृतात हिंदुधर्मावर जी टीका केली, तिला तरुण नीळकंठांनी संस्कृतातच उत्तर लिहिले. पुढे वाद करता करताच त्यांचे मन पालटले. १८४८ च्या मार्चमध्ये जौनपुरास त्यांनी बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हे नाव धारण केले. षड्दर्शनांचे परीक्षण करणारा त्यांचा हिंदी ग्रंथ पुढे इंग्रजीत उतरून १८६२ मध्ये कलकत्त्यात छापला गेला. १८६८ मध्ये कलकत्त्याचे बिशप मिल्मन यांच्याकडून त्यांना दीक्षा मिळाली, आणि फादर गोऱ्हे या नावाने ते सर्वत्र ओळखले जाऊ लागले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

या स्थित्यंतराची किंमत त्यांनी मोजली. घर दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई कन्येच्या जन्मानंतर लवकरच वारल्या, आणि ती कन्या परक्या कुटुंबात, इंग्लंडात वाढली. वडिलांच्या मनाची तगमग मात्र संपली नाही. श्रद्धा आणि शंका यांचा झगडा त्यांच्या मनात अखेरपर्यंत चालू होता, असे त्यांचे चरित्र सांगते. त्यांच्या निष्कर्षाशी आपण सहमत व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या माणसाने स्वतःच्या मताच्या विरुद्ध बाजूही संस्कृतात मांडून पाहिली होती, त्याच्या सचोटीविषयी शंका घेण्यास जागा नाही.

याच फादर गोऱ्ह्यांच्या लेखनाचा प्रभाव पंडिता रमाबाईंवर पडला. रमाबाई १८७८ मध्ये बंधू श्रीनिवासांसह कलकत्त्यास आल्या, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. दुष्काळात आईबाप गमावलेल्या, सारा हिंदुस्थान पायी हिंडलेल्या या मुलीची संस्कृत वाणी ऐकून येथील पंडितांनी तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. याच नगरात त्यांनी प्रथम ख्रिस्ती मेळावा पाहिला. चहा-बिस्किटे झाल्यावर मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसली, तेव्हा हे लोक खुर्चीची पूजा करतात की काय, असे त्या बहीणभावांस वाटले. ही आठवण रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेविली आहे. त्या मेळाव्यात त्यांना संस्कृत बायबलची एक प्रत भेट मिळाली. संस्कृतात नवा करार प्रथम छापला तोही केरींनीच, १८०८ मध्ये.

१८८० मध्ये ढाक्यास बंधू वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी नोंदणीविवाह केला. सिल्चरच्या घरी, पतीच्या ग्रंथसंग्रहात, लूककृत शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका त्यांच्या हाती लागली. १८८२ मध्ये पटकीने पती गेले. पदरात मनोरमा ही लहान मुलगी. त्या पुण्यास आल्या, तेथून इंग्लंडास गेल्या आणि १८८३ च्या सप्टेंबरात वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांचा व मुलीचा बाप्तिस्मा झाला. परंतु चर्चची प्रत्येक आज्ञा निमूटपणे मानणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पंथाच्या सिद्धांतांविषयी त्या मठातील भगिनींशी धीटपणे वाद घालीत राहिल्या. मुंबईचे शारदासदन आणि केडगावची मुक्ती ही पुढची कथा सर्वश्रुत आहे.

तिच्यातील एक भाग आमच्या विषयाचा आहे. आयुष्याची अखेरची अनेक वर्षे रमाबाईंनी बायबल मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठीत आणण्यात घालविली. खेड्यातील अल्पशिक्षित बायकांना कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. पंडिती शब्दांना त्यांनी कटाक्षाने दूर ठेविले. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या निवर्तल्या, आणि १९२४ मध्ये ते भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी छापून निघाले. श्रीरामपुरात मुळाचा अर्थ साहेब सांगे व पंडित शब्द पुरवी. केडगावात मूळ भाषा आणि मराठी ही दोन्ही एकाच मराठी स्त्रीच्या अंगी होती. या दोन टोकांमध्ये एक शतकाहून थोडा अधिक काळ आहे, आणि दोन्ही टोकांचे धागे या नगरीतून गेले आहेत.

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडे आवाज चढतो. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, यात संशय नाही. तो त्यांनी कधी लपविलाही नाही. कंपनीचा हेतू राज्य चालविण्याचा होता, तोही उघड आहे. पण हेतू एक असतो आणि हाती उरते ते निराळे असते. वैजनाथांनी आपली भाषा दिली. गोऱ्हे व रमाबाई यांनी धर्म बदलला, परंतु मराठीपण टाकले नाही. महाराष्ट्रातून आलेली ख्रिस्ती कुटुंबे या शहरात असतील, तर त्यांना आपल्या गणेशोत्सवाचे आमंत्रण जाते की नाही, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला. पन्नास वर्षांच्या मंडळाने तो स्वतःस विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.

शेवटी एक योगायोग सांगतो. अँग्लिकन नसल्यामुळे केरींस प्राध्यापक म्हणविण्याचा अधिकार नव्हता, हे वर आलेच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकन, बॅप्टिस्ट इत्यादी सहा पंथमंडळ्या एकत्र होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. चौरंगीजवळचे सेंट पॉल्स कॅथीड्रल आज त्याच चर्चचे आहे. हे ऐक्य जेथे घडले, ते शहर नागपूर: भोसल्यांचे, आणि वैजनाथ पंडितांच्याही मुलखाचे.

हावड्याहून लोकलने श्रीरामपूर अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर. केरी १८३४ मध्ये वारले. त्यांची समाधी तेथे आहे. त्यांनी व सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये काढलेले महाविद्यालय गंगाकाठी अद्याप चालू आहे आणि तेथील ग्रंथसंग्रहास केरींचे नाव आहे. आम्ही गेलो, तेव्हा वैजनाथ शर्मांच्या नावाची पाटी आमच्या दृष्टीस पडली नाही. मंडळाची पुढची सहल बोटॅनिकल गार्डनऐवजी श्रीरामपुरास न्यावी, असे आम्ही सुचवितो. मुलांनाही बरोबर घ्यावे. वाटेत त्यांनी जी कोणती मराठी बोलावी, ती मोकळेपणाने बोलू द्यावी; तेथे गेल्यावर तिचा इतिहास त्यांस सांगता येईल.